झेंडा अंगणात

हे लिहू की नको, यात बरेच महिने गेले. एक तर विषय घरातला आहे. आत्या हे वाचणार, तात्याही वाचणार (म्हणजे त्यांची सून मोबाईलवर वाचून दाखवणार). दुसरं म्हणजे धर्म आणि देश हे दोन शब्द एका वाक्यात आले की हल्ली माणसं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच बाजू ठरवून मोकळी होतात. तरी लिहितो. वाक्य पूर्ण होऊ द्या, एवढीच विनंती.

२०२५ सालचा प्रजासत्ताक दिन रविवारी आला होता. इतरांना एक सुट्टी बुडाल्याचं दुःख, आमच्या मंडळीपुढे मात्र वेगळाच प्रश्न. मोहोळमधली आमची मंडळी लहान. सगळी आली तर साठ-पासष्ट डोकी, एरवी चाळीस. सकाळी दहाला उपासना, एक बाजाची पेटी, एक ढोलकी, 'उपासना संगीत'ची पाठ गेलेली पुस्तकं. आठवडाभर आधी तरुण पोरांनी टूम काढली की या वेळी वेदीवर क्रूसाच्या शेजारी तिरंगा उभा करायचा, उपासनेची सुरुवात राष्ट्रगीताने करायची, आणि त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकायचा.

पोरांनी म्हटलं खरं, पण त्यांच्यामागे मी होतो. मीच म्हणालो होतो, "मस्त कल्पना आहे, करूया."

उपासना झाल्यावर बसलो चर्चेला. मला वाटलं पाच मिनिटांत उरकेल. झेंड्याला कोण नाही म्हणणार? आणि नाही म्हणाली ती आमची आत्या!

आत्या म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिच्या हाताखालून गेलेल्या किती पोरांना 'जन गण मन' शब्द न चुकता येतं, हे तिचं तिलाच माहीत नसेल. 'उच्छल'चा 'उज्ज्वल' केलेला तिला आजही खपत नाही. २६ जानेवारीला पांढरी साडी ठरलेली. ती उठली आणि म्हणाली, "झेंडा अंगणात लावा. दोरी मी ओढते. पण वेदीवर नको."

तात्या उठले. तात्या फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा आवाज एरवीही खालच्या पट्टीत नसतो. ते म्हणाले, "अक्का, त्या झेंड्यात गुंडाळून माझी पोरं घरी गेली आहेत. तो देवाच्या घरात का नको? घाण आहे काय तो?"

यावर कोण काय बोलणार? पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सभा उठवली. त्या दुपारी आमच्या घरी हुरडा भाजायचा बेत होता. तात्या आले नाहीत.

*

रात्री झोप येईना म्हणून स्वतःलाच विचारलं, बाबा रे, तुला तो झेंडा आत कशासाठी हवा होता?

खरं उत्तर द्यायचं तर देशप्रेम हे कारण नव्हतं. देशप्रेम आहे, त्याबद्दल शंका नाही, पण त्यासाठी मला वेदीवर झेंडा लागत नाही. मला हवा होता तो व्हिडिओ.

माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर उभं राहिलं की गाव कळतं. वर्षानुवर्षं ज्यांच्या घरची पथ्यं मला पाठ आहेत अशा एका गृहस्थांनी एकदा सहज विचारलं, "तुमच्यात राष्ट्रगीत म्हणतात का हो?" मनात काही वाईट नव्हतं, मोबाईलवर काहीतरी आलं होतं म्हणून विचारलं. मी हसून "म्हणतात की" म्हणालो आणि क्रोसिनची पट्टी कापून दिली. पण तो प्रश्न पायात मोडलेल्या काट्यासारखा राहिला. माझे आजोबा याच तालुक्यात ज्वारी काढत होते. नागनाथाच्या यात्रेत आम्ही लहानपणी पाळण्यात बसलो. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर वारकऱ्यांना पाणी दिलं. तरी प्रश्न 'तुमच्यात'.

म्हणून मला त्या व्हिडिओचा आधार वाटत होता. बघा, आमच्या क्रूसाशेजारी झेंडा आहे, आता तरी विचारू नका. म्हणजे उपासनेचा तो पहिला अर्धा तास देवासाठी नसून ग्रुपवरच्या लोकांसाठी होता. हे कळल्यावर मला आत्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

(त्या प्रश्नाचं मूळ बहुधा एका जुन्या खटल्यात आहे. १९८५ साली केरळमध्ये यहोवा विटनेस पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण म्हणत नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९८६ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला. गीत म्हणायलाच हवं असा कायदा नाही आणि शांतपणे आदराने उभं राहणं म्हणजे अपमान नव्हे, असा त्याचा सारांश. आम्ही त्या पंथाचे नाही आणि आम्ही राष्ट्रगीत म्हणतो, बेसूर का होईना. पण ती पोरं उभी राहत होती, एवढं तरी त्यांच्या पदरात टाकायला हवं.)

*

'बाटला तो साहेबाचा झाला' हा आरोप काही आजचा नाही. आमच्या आधीच्या माणसांनी तो आमच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसला, कारण तेव्हा राज्य खरंच साहेबाचं होतं. मग ते काय करत होते? मी पुन्हा पुस्तकं काढली.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. घर तुटलं, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या, तो सगळा जीवघेणा प्रकार 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. पण टिळक साहेब झाले नाहीत. ख्रिस्ताकडे ते तुकोबांच्या वाटेने गेले आणि त्यांनी अभंग, ओवी, भजन सगळं बरोबर नेलं. देशावर कविता लिहिल्या. शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, कारण ख्रिस्ताचं शिष्य व्हायला परदेशी संस्थेचा पगारी माणूस असावं लागत नाही, असं त्यांना वाटत होतं. आज आम्ही ढोलकीवर जी भजनं म्हणतो त्यांतली कितीतरी त्यांची.

पंडिता रमाबाईंचं तर आणखी पुढचं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टरांनी घालायला दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, अक्षरं हवीतच तर संस्कृत असू द्या, लॅटिन माझ्या लोकांना कळत नाही. यावरून वाद झाला आणि बाई हटल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी प्लेग व्यवस्थेत बायकांचे जे हाल चालले होते त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती, तरी गप्प बसल्या नाहीत.

मुंबईचे काका बॅप्टिस्टा घ्या. माझगावच्या माथारपाखाडीतले कॅथलिक बॅरिस्टर. लोकमान्यांची होमरूल लीग १९१६ मध्ये निघाली, तिचे अध्यक्ष हेच.

या तिघांपैकी कोणीही देशप्रेमाचा पुरावा म्हणून देवळात काही उभं केलेलं माझ्या वाचनात नाही. रमाबाईंनी पत्र लिहिलं, बॅप्टिस्टांनी वकिली आणि चळवळ केली, टिळकांनी कविता केल्या. त्यांचं देशप्रेम देवळाबाहेर, जिथे देश असतो तिथे, कामाला लागलेलं होतं.

*

आता आत्याचा मुद्दा. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती ज्वारी निवडत होती. "आत्या, तुझ्यासारखीने असं म्हणावं?" तिने सूप खाली ठेवलं आणि मला शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "क्रूस उंच ठेवणार का झेंडा?"

मी गप्प.

"झेंड्याचे नियम मी तीस वर्षं पाळलेत," ती म्हणाली. "त्याला मानाची जागा लागते. व्यासपीठावर असेल तर वक्त्याच्या उजव्या हाताला. त्याच्या वर काही चालत नाही. आणि आपल्याकडे वेदीवर मानाची जागा एकालाच. मग कोणाला खाली बसवणार? झेंड्याला खाली ठेवलं तर माझ्या देशाचा अपमान, क्रूसाला खाली ठेवलं तर माझ्या देवाचा. दोघांना अंगण देऊळ वाटून दे की. मोकळे राहतील दोघंही."

मला एकदम ते नाण्याचं आठवलं. कर द्यावा की नाही, असं विचारून येशूला पेचात पकडायला लोक आले. त्याने नाणं मागितलं, विचारलं यावर छाप कोणाचा? राजाचा. मग राजाला देऊन टाका, आणि देवाचं देवाला द्या. हा भाग आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि 'दोन खाती वेगळी ठेवा' एवढाच अर्थ घेतो. पण नाण्यावर राजाचा छाप, तर माणसावर कोणाचा? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की माणूस देवाच्या प्रतिमेत घडला. म्हणजे राजाला कर द्या, कायदा पाळा, वेळ आली तर देशासाठी जीवही द्या. पण सगळाच्या सगळा माणूस राजाला देता येत नाही. तो आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे.

आणि देवळात ही सीमा पुसली की काय होतं, याची उदाहरणं जगात कमी नाहीत. जर्मनीत हिटलरच्या काळात 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्यांनी वेदीजवळ स्वस्तिकाचे झेंडे लावले. त्यांनाही ते देशप्रेमच वाटत होतं. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन गावी काही मंडळ्यांनी एकत्र येऊन जाहीर केलं की मंडळीचा प्रभू एकच, त्याच्या जागी दुसरा कोणी पुढारी नाही. त्यापायी पुढे काहींनी तुरुंग पाहिला. लांब कशाला जा, कुलाब्याचं अफगाण चर्च पाहा. इंग्रजांच्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधलेलं. सुंदर इमारत आहे, पण आत उभं राहिलं की वाटतं, साम्राज्याची लढाई देवाच्या घरात कशाला आणली? गोव्यात पोर्तुगीज सत्ता आणि चर्च शतकानुशतकं हातात हात घालून चालली. त्याची किंमत तिथल्या साध्या ख्रिस्ती माणसांना अजून टोमण्यांत चुकवावी लागते. दुसऱ्याचा झेंडा वेदीवर होता तेव्हा ते चूक होतं, असं आपण म्हणतो. आपला आला की बरोबर?

तुम्ही म्हणाल, तिरंग्याची तुलना कुठे करतोस! मान्य. सोलापूरच्या माणसाला तिरंगा काय ते शिकवायला नको. १९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूर नगरपालिकेवर तो फडकला, मे महिन्यात शहरात लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे हे चौघं येरवड्यात फासावर गेले. चौघांची नावं एका दमात घेताना कोण कुठल्या देवळात जात होता हे कोणी विचारत नाही. या झेंड्याची थोरवी तीच. तो सगळ्यांचा आहे. मग चाळीस माणसांच्या देवळात एका धर्माच्या खुणेशेजारी उभा करून आम्ही त्याला मोठं करतो, की आमच्यापुरता लहान करतो?

*

उलट बाजूही सांगतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच बोलतोय असं वाटायला नको.

दिल्लीला बीटिंग रिट्रीटमध्ये संध्याकाळी 'अबाइड विथ मी' हे आमचं गीत वाजायचं, गांधीजींच्या आवडीचं. २०२२ पासून ते काढलं. त्या वर्षी आमच्याकडे फार हळहळ झाली. मीही ग्रुपवर दोन ओळी खरडल्या होत्या. आज वाटतं, ते अंगण देशाचं आहे, तिथे काय वाजवायचं ते देश ठरवेल. आमचं गीत तिथे नसल्याने आम्ही कमी भारतीय ठरत नाही, हे जर खरं असेल, तर वेदीवर झेंडा नसल्याने ठरतो कसे? दोन्हीकडे एकच माप लावायला हवं.

आणि २०२५ मध्येच गाजलेलं ते लष्करी अधिकाऱ्याचं प्रकरण. ख्रिस्ती अधिकारी, हाताखाली शीख जवान. रेजिमेंटच्या धार्मिक परेडला जायचा, पण मंदिर-गुरुद्वाऱ्याच्या गाभाऱ्यात जाऊन पूजाविधी करायला त्याने नकार दिला. त्याला सेवेतून काढलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मे महिन्यात व सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ते कायम केलं. यावर आमच्या घरात पुन्हा दोन तट. तात्या म्हणाले, "जवान जिथे जातो तिथे अधिकारी पुढे जातो. मी गेलो असतो." आत्या म्हणाली, "त्याच्या मनाला पटलं नाही, त्याने नोकरी गमावली. नाटक केलं नाही, हे तरी बघ." मला स्वतःला तात्यांचं जास्त पटतं. वर्दीची शपथ आपण होऊन घेतलेली असते आणि पलटण एकमेकांच्या भरवशावर जगते. पण आत्याचं वाक्य डोक्यातून जात नाही. कारण नाटकाचाच प्रश्न आहे. वेदीवर झेंडा लावून मी जे करणार होतो, ते नाटकच होतं.

राहता राहिला तात्यांचा सवाल. झेंड्यात गुंडाळून आलेली पोरं. याला उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शहीद जवानाची पेटी देवळात येते तेव्हा तिच्यावर तिरंगा असतोच, आणि तो काढा असं आत्यासुद्धा म्हणणार नाही. मग फरक काय? मला वाटतं, तिथे झेंडा एका माणसाबरोबर आलेला असतो. देशाने आपलं माणूस त्यात गुंडाळून देवापुढे आणलेलं असतं, आता हा तुझा म्हणून. आमचा झेंडा मात्र कोणाला घेऊन आलेला नव्हता. तो आम्हाला प्रमाणपत्र द्यायला येणार होता. तात्या, हे उत्तर तुम्हाला पुरणार नाही, माहीत आहे. माझ्याकडे एवढंच आहे.

*

शेवटी केलं असं. २६ तारखेला सकाळी आठ वाजता अंगणात बांबू उभा केला. आत्याने पांढऱ्या साडीत येऊन दोरी ओढली. झेंड्यातली फुलं बरोबर तिच्याच डोक्यावर पडली. राष्ट्रगीत झालं. शेजारच्या गल्लीतली पोरंही येऊन उभी राहिली होती, त्यांना जिलबी दिली. हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यातल्या एकाने गाणं बंद केलं. नवीन काही नव्हतं यात. आमच्या कॅथलिक नातेवाइकांकडे १५ ऑगस्टला पवित्र मरियेचा सण असतो, तिथे मिस्सा आत आणि झेंडा अंगणात हे वर्षानुवर्षं चालतं. आम्हीच उगीच शहाणपण करायला निघालो होतो.

दहाला उपासना. पाळकसाहेबांनी देशासाठी मोठी प्रार्थना केली. राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून आमच्या तहसीलदारांपर्यंत सगळ्यांसाठी, सीमेवरच्यांसाठी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी. आणि मग क्षमाही मागितली. या देशात जे अन्याय होतात आणि आम्ही पाहून न पाहिल्यासारखं करतो, त्याबद्दल. येशू यरुशलेम पाहून रडला होता, तो भाग वाचला. स्वतःच्या गावासाठी रडणारा माणूस देशद्रोही कसा असेल? पण रडण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्यासारखा नसतो.

व्हिडिओ नाहीच काढला. दुकानातले ते गृहस्थ अजून येतात, बीपीची गोळी नेतात. पुन्हा त्यांनी विचारलं तर या वेळी पट्टी कापून न देता त्यांना बसवून चहा पाजायचा आणि आत्याची गोष्ट सांगायची असं ठरवलंय. वर्षभर झालं, त्यांनी विचारलेलं नाही.

तात्या त्या दिवशी आले होते. झेंड्याला कडक सलामी ठोकली, आणि उपासनेला आत न येता घरी गेले. पुढचे दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. ईस्टरला आले. १५ ऑगस्टला त्यांनी स्वतः खादीचा नवा झेंडा आणला, बांबूच्या जागी लोखंडी खांब रोवला, आणि संध्याकाळी झेंडा उतरवून घडी कशी घालायची ते मला शिकवलं. घडी घालताना म्हणाले, "तरी तू चुकलास."

असेलही. घडी मात्र आम्ही दोघांनी मिळून घातली, आणि झेंडा आत्याच्या कपाटात ठेवला.